पांढऱ्या लाकडाचा मान

चारकोपमध्ये घर घेतलं की पहिली गाठ सुताराशी पडते. त्याचं कारण इथल्या घरांच्या मापात आहे. 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जातून 'बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट' मंजूर झाला आणि कांदिवली पश्चिमेला, खाडीच्या कडेच्या जमिनीवर म्हाडानं लहान लहान भूखंड आखून दिले. पाणी, गटार, रस्ता सरकारचा. घर ज्याचं त्यानं बांधायचं. पंचवीस, तीस, चाळीस चौरस मीटरचे ते तुकडे. मधे चौक, चौकाभोवती घरं आणि त्या घरांची मिळून एक सोसायटी. ज्यांनी सुरुवातीला पत्र्याखाली संसार थाटला, त्यांनीच पुढे पैशाला पैसा जोडत वर मजला चढवला.

अशा घरात दुकानातला तयार पलंग मावत नाही. जिन्याखालच्या तिरक्या जागेत कपाट हवं असतं, भिंतीला लावलेलं आणि गरजेपुरतं खाली येणारं टेबल हवं असतं, पलंगाच्या पोटात गाद्या आणि सणासुदीची भांडी राहायला हवी असतात. हे सगळं मापावर बेतून देणारा माणूस लागतो. म्हणून चारकोपच्या सेक्टरांमधून फिरताना तळमजल्यावर किराणा, शिवणकाम, झेरॉक्स यांच्या रांगेत एखादा सुतारकामाचा गाळा हमखास दिसतो. कोकणातले सुतार आहेत, राजस्थानातून आलेले आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे विश्वकर्मा आहेत. मापं इंच-सुतात बोलली जातात, हिशेब हिंदीत होतो आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा मराठीत येतो: सागवान आहे ना?

या प्रश्नामागे मोठी परंपरा आहे, आणि ती खोटी नाही. वाड्यांचे खांब, तुळया, देवघराच्या चौकटी, नावेचे सांगाडे यांतून सागानं आपली योग्यता सिद्ध केली आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-बल्लारपूरकडचं सागवान रवाना झालं तेव्हा त्याची मिरवणूक निघाली, आणि विदर्भातल्या माणसाला त्याचा अभिमान वाटावा यात काहीच वावगं नाही. पण सागाच्या या मानामुळे आपण बाकी लाकडांकडे पाहायचं सोडून दिलं. फिकट, पांढुरकं, वास नसलेलं लाकूड दिसलं की आपल्याकडे त्याला 'जंगली' किंवा 'पॅकिंगचं' म्हणतात आणि विषय संपवतात. माझं म्हणणं असं की चारकोपच्या घरात आज जे लाकूड आहे त्यातलं बहुतेक पांढरंच आहे. ते फक्त सनमायकाखाली लपलेलं आहे. आणि जे लाकूड आपण रोज वापरतो त्याची ओळख करून न घेणं आपल्याला महागात पडतं.

कोणत्याही गाळ्यात जाऊन प्लायची नुकती कापलेली कड बोटानं चाचपून पाहा. एकोणीस एमएमच्या पाटात पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले दिसतील. काही थर तांबूस, ते निलगिरीचे. काही जवळजवळ दुधी, ते पॉपलरचे. हरियाणातलं यमुनानगर हे प्लायवुडचं देशातलं मोठं केंद्र. तिथल्या कारखान्यांना लागणारा पॉपलर हरियाणा, पंजाब, पश्चिम उत्तर प्रदेशातल्या शेतांच्या बांधावर वाढतो. या झाडाला शेतकऱ्याच्या दारात आणण्यात आगपेटीच्या धंद्याचा मोठा हात आहे. स्वीडिश भांडवलावर 1923 मध्ये सुरू झालेल्या विमको कंपनीचा कारखाना आपल्या अंबरनाथला होता. काडीला हलकं, सरळ रेषेचं, पांढरं लाकूड लागतं. आपल्याकडे त्यासाठी काटेसावर वापरली जायची, पण जंगलातली सावर पुरेना, तेव्हा विमकोनं 1980 च्या दशकात उत्तरेत शेतकऱ्यांना पॉपलरची रोपं आणि खरेदीची हमी दिली. आगपेटीसाठी लावलेलं झाड पुढे प्लायमध्ये गेलं आणि प्लायमधून चारकोपच्या स्वयंपाकघरात आलं.

पांढरं लाकूड दुसऱ्या बाजूनंही येतं, मोठ्या दिमाखात. अंतर्गत सजावटीच्या दुकानात विनियरच्या नमुन्यांची चळत असते. आठ बाय चारचा पाट, पाठीला पातळ प्लाय, आणि वर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा. त्यात 'फिगर्ड सिकमोर' नावाचा एक नमुना हमखास असतो. त्याच्याकडे सरळ पाहिलं तर हस्तिदंती रंगावर आडव्या लाटा दिसतात. मान थोडी वळवली की उजळ पट्टे काळोखे होतात आणि काळोखे उजळतात. झाडातले धागे सरळ वर न जाता नागमोडी गेलेले असतात. पापुद्रा सपाट कापला तरी धाग्यांची टोकं कुठे आपल्याकडे, कुठे पलीकडे वळलेली राहतात आणि प्रकाश तसा परततो. रंगकामानं ही चमक आणता येत नाही. या लाटांची छापील नक्कल पाहिली की फरक लगेच कळतो, कारण छापील लाट मान हलवली तरी जागची हलत नाही.

सिकमोर नावानं जगात तीन निराळी झाडं ओळखली जातात आणि तिघांचं एकमेकांशी नातं नाही. युरोपातला सिकमोर मेपलच्या कुळातला. अमेरिकेतला सिकमोर आपल्या काश्मीरच्या चिनाराचा सख्खा नातलग. आणि इजिप्त-पॅलेस्टाइनकडचा सिकमोर म्हणजे उंबराच्या गोत्रातला एक वृक्ष, खोडावर फळं धरणारा. विनियरच्या चळतीत असतो तो बहुधा पहिला. दुसऱ्याचं लाकूड रेषा एकमेकींत गुंतल्यामुळे फुटता फुटत नाही, म्हणून अमेरिकेत ते खाटकाच्या ठोकळ्यांना वापरलं गेलं. चौथाई काप घेतला तर त्यावर जाळीदार ठिपके उमटतात. तिसऱ्याकडे मी नंतर येणार आहे, कारण त्याचा भाऊबंद चारकोपच्या प्रत्येक दुसऱ्या कुंपणात उगवलेला आहे.

युरोपीय सिकमोरचं वजन पाहिलं की सागाबद्दलची आपली समजूत थोडी हलते. वाळलेल्या सिकमोरचा एक घनमीटर साधारण 615 किलो भरतो, सागाचा 650 च्या आसपास. म्हणजे दोघांच्या भरीवपणात फारसं अंतर नाही. ताकदही तशी जवळपासची. फरक आहे तो खोडाच्या मधल्या भागात. साग वाढताना आतलं लाकूड बंद करत जातो आणि त्यात तेलं, क्विनोन जातीची रसायनं भरत जातो. वाळवीला आणि बुरशीला ती मानवत नाहीत. सागाचा तो सोनेरी-तपकिरी गाभा म्हणजे झाडानं स्वतःच केलेला बंदोबस्त आहे. सिकमोर असा बंदोबस्त करत नाही. त्याचा गाभा आणि बाहेरचं लाकूड एकाच रंगाचं, आत विषही नाही. म्हणून युरोपीय मोजणीत टिकाऊपणाच्या पाच वर्गांत तो सर्वांत खालच्या, पाचव्या वर्गात बसतो. जमिनीत पुरला तर काही वर्षांत जातो.

पण ज्या गोष्टीमुळे तो कुजतो, तिच्याचमुळे त्याला ब्रिटनच्या स्वयंपाकघरात मान मिळाला. त्यात रसायन नाही, म्हणून वास नाही, चव नाही, रंग सुटत नाही. लाटणी, लोणी काढायची फळकुटं, पाव कापायचे पाट, चमचे, दह्या-दुधाची भांडी यांसाठी तिकडे पिढ्यान्पिढ्या सिकमोर वापरला गेला. वेल्समध्ये तरुण आपल्या प्रेयसीला कोरून देत असे ते लाकडी चमचेही बरेचदा याच लाकडाचे. कापडगिरण्यांमध्ये ओल्या कापडाला लागणारे रूळ सिकमोरचे असत, कारण त्याचा डाग कापडाला लागत नाही. आपल्याकडे पोळपाट-लाटणं निवडताना बायका लाकूड नाकाशी नेतात, ते याच शहाणपणानं. सागाच्या नव्या पोळपाटाला येणारा तेलकट वास पहिल्या पोळ्यांना लागतो, हे ज्याच्या घरी नवा पोळपाट आला आहे त्याला सांगायला नको.

लेथवर हे लाकूड कातायला सुरेख. धार लावलेली पटाशी लागली की लांब रिबिनीसारखी साल निघते, कड तुटत नाही. कारण त्याच्या नळ्या बारीक आणि सगळ्या वाढवलयात सारख्या पसरलेल्या असतात. सागात त्या वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या आणि पुढे लहान होत जातात, म्हणून सागाला ती ठळक रेषा मिळते. वाफ देऊन वाकवायलाही सिकमोर चांगला. पॉलिश आरशासारखं बसतं. दोष दोनच, पण दोन्ही मोठे. उजेडात तो पिवळा पडतो. आणि वाळवताना चूक झाली तर कायमचा डागाळतो. ओल्या फळ्या आडव्या रचून मधे पट्ट्या ठेवल्या तर पट्टीच्या जागी करडा डाग उमटतो आणि तो रंध्यानंही जात नाही. म्हणून जुने इंग्रज लाकूडवाले हिवाळ्यात झाड तोडत, लगेच फळ्या पाडत आणि त्या भिंतीशी उभ्या टेकवून आधी पाणी निथळू देत.

पण असाच करडा रंग कोणाला तरी हवासाही वाटला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सिकमोरचे पापुद्रे लोहाच्या क्षारात, म्हणजे आपल्या हिराकशीच्या पाण्यात, बुडवून त्यांना रुपेरी-करडा रंग देत आणि ते फर्निचरवरच्या जडावकामात वापरत. आज अंधेरी-कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये राखाडी विनियरची जी आवड आहे, तिची मुळं त्या हिराकशीच्या हौदात आहेत. हिराकशीची किमया आपल्या सुतारालाही ठाऊक असते, पण उलट अंगानं: बाभळीत किंवा खैरात साधा लोखंडी खिळा ठोकला आणि पावसाळा लागला की खिळ्याभोवती काळं वर्तुळ पसरतं.

एक सूचना मात्र करायला हवी. नमुन्याच्या पाठीवर 'रेकॉन' लिहिलं असेल तर तो पापुद्रा सिकमोरचा नाही. पॉपलर किंवा आफ्रिकेतल्या अयुससारख्या मऊ लाकडाचे थर रंगवून, एकावर एक चिकटवून, त्या ठोकळ्यातून पुन्हा कापलेला तो माल असतो. त्यात वाईट काहीच नाही. सगळे पाट एकसारखे मिळतात हा त्याचा फायदाच आहे. फक्त दुकानदारानं नाव सांगितलं म्हणून लाकडाची किंमत देऊ नये, विचारून घ्यावं.

सिकमोरच्या लाटांना मराठी कानही ओळखतो, डोळ्यांना त्या ठाऊक नसल्या तरी. व्हायोलिनचं वरचं पान स्प्रूसचं आणि पाठ, कडा, मान मेपलच्या कुळातल्या लाकडाची असते. युरोपीय घडणीच्या वाद्यांत पाठीवर ज्या झळकत्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या या सिकमोरच्या किंवा त्याच्या जवळच्या मेपलच्या. गजाननबुवा जोशी, वाईला जन्मलेले व्ही. जी. जोग, मुंबईचे डी. के. दातार यांनी गायकीचं अंग ज्या वाद्यावर उतरवलं, त्या वाद्याची जात अशी. पाठ भरीव आणि कडक हवी, म्हणजे वरच्या पानाचा कंप आत घुमून परत येतो. आणि तरीही ती जड नको. सागात तेल आहे, वजनाच्या मानानं तो तितका खणखणीत नाही. इथं पांढऱ्या लाकडाला पर्याय नाही.

मिरजेचे तंतुवाद्य कारागीरही लाकूड असंच वाद्याच्या गरजेप्रमाणे निवडतात. तिथं सतार-तंबोऱ्याच्या दांडीला आणि तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या पानाला, तून वापरतात, लालसर, हलका, मोजका वास असलेला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनात कारागिराच्या हाताइतकाच वाटा तून वाळवण्याच्या धीराचा आहे, असं मला वाटतं. नीट न वाळलेली तबली पहिल्या उन्हाळ्यात स्वर सोडते.

पांढऱ्या लाकडाचं आपलं स्वतःचं घर सावंतवाडीत आहे. चारकोपमध्ये सिंधुदुर्गची माणसं बरीच. गणपतीला गावी गेलेला माणूस परतताना चितार आळीतून लाकडी फळं किंवा खेळणी घेऊन येतो. केळं, सीताफळ, पेरू, कैरी, फोडलेल्या नारळासारखी दिसणारी डबी. या खेळण्यांसाठी पूर्वी पांगारा वापरत. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की एक घनमीटर जेमतेम 300 किलोच्या आसपास, सिकमोरच्या निम्मं. पटाशी त्यात लोण्यासारखी शिरते. टिकाऊपणाच्या नावानं शून्य, पण खेळणं पावसात ठेवायचं नसतं. त्यावर अस्तर देऊन रंग चढवला की आतल्या लाकडाला हवा लागत नाही आणि सीताफळ पिढी-दोन पिढ्या टिकतं. पांगारा मिळेनासा झाला तेव्हा कारागीर आंब्याकडे वळले. आंबा जड, रेषा वाकडी, कातायला कष्टाचा. त्यामुळे खेळण्याची बारीक कामं कमी झाली. लाकूड बदललं की कला बदलते, याचा हा साधा पुरावा.

आता मुख्य प्रश्न. पांढरं लाकूड कुजतं, किडतं, हे खरंच आहे. मग त्याला विश्वासानं घरात कसं घ्यायचं? याचं उत्तर रबराच्या झाडानं दिलं आहे. केरळात रबर पंचवीस-तीस वर्षांचा झाला, चीक आटला, की तोडतात. हे लाकूड फिकट पिवळसर, आत स्टार्च भरपूर. पूर्वी त्याचा उपयोग सरपणाला आणि पेट्यांना. कारण तोडल्यावर काही दिवसांत त्यावर निळी बुरशी धरते आणि मग लहानगा तपकिरी भुंगा येतो. हा भुंगा लाकडाच्या नळ्यांत अंडी घालतो; नळी रुंद हवी आणि आत स्टार्च हवा, एवढ्याच त्याच्या अटी. आळी आतून पोखरते. बाहेरून लाकूड जसंच्या तसं दिसतं, फक्त पलंगाच्या पायाशी सकाळी मैद्यासारखी बारीक पूड दिसते. ती पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. चारकोपमधल्या कितीतरी घरांत ही पूड 'वाळवी' समजून तिच्यावर रॉकेल ओतलं जातं. वाळवी माती आणते, ओल शोधते, भिंतीतून येते. हा भुंगा कोरड्या लाकडात राहतो. दोघांवर उपाय वेगळे.

रबराच्या लाकडाचं दैव एका पांढऱ्या भुकटीनं पालटलं. फळी पाडल्याबरोबर ती बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात दाबाखाली भिजवायची, मग भट्टीत वाळवायची. भारतीय मानकात या दोघांचं प्रमाण एकाला दीड सांगितलं आहे. बोरॉन ओल्या लाकडात आपणहून आतवर पसरतो आणि भुंग्याला लाकूड अखाद्य होतं. माणसाला त्याचा वास नाही, लाकडाचा रंग बदलत नाही. 1980 च्या दशकात मलेशियानं याच रीतीनं रबराच्या लाकडावर फर्निचरचा निर्यातधंदा उभा केला. आज बोरिवली-मालाडच्या शोरूममध्ये 'सॉलिड वूड' म्हणून उभं असलेलं डायनिंग टेबल पुष्कळदा रबरवुडचंच असतं. चाळीस वर्षांपूर्वी जे चुलीत जात होतं तेच हे लाकूड. बोरॉनला एकच मर्यादा: पाण्यात तो धुऊन जातो. म्हणून असं लाकूड घरात ठेवावं; गच्चीवर, मोरीच्या दाराला किंवा पाऊस येणाऱ्या खिडकीच्या चौकटीला वापरू नये. तिथं सागच. सागाचा मान तिथं आहे आणि तो राहायला हवा.

इजिप्तच्या सिकमोरकडे येतो. हा उंबराच्याच गोत्रातला. त्याचं लाकूड हलकं, तंतू जाडे, पण कोरडं राहिलं तर टिकण्याला सीमा नाही. कैरोच्या संग्रहालयात का-आपेर नावाच्या प्राचीन अधिकाऱ्याचा लाकडी पुतळा आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. 1860 मध्ये सक्कारा इथं तो मातीतून वर आला तेव्हा खोदणाऱ्या मजुरांना त्यात आपल्याच गावच्या पाटलाचा चेहरा दिसला, म्हणून त्यांनी त्याला 'शेख एल-बेलेद' म्हटलं. तो पुतळा सिकमोरचा. पाचव्या वर्गातलं म्हणावं असं लाकूड, पण वाळवंटाच्या कोरड्या हवेत त्यानं पिढ्यांच्या पिढ्या पाहिल्या. लाकूड कुठे ठेवलं यावर त्याचं आयुष्य ठरतं, हे सांगायला याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आपल्या उंबराची गत याच्या उलट आणि तितकीच विलक्षण. उंबराचं लाकूड उघड्यावर लवकर जातं, पण पाण्याखाली टिकतं. जुन्या काळी विहिरीच्या तळाशी बसवायचं लाकडी कडं उंबराचं करत, त्यावर दगडी बांधकाम चढे. पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय कुजवणारी बुरशी जगत नाही. बुरशीला लाकडात पाचातल्या एका भागाहून जास्त ओलावा आणि सोबत हवा, दोन्ही हवं असतं. का-आपेरला ओलावा मिळाला नाही, विहिरीच्या कड्याला हवा मिळाली नाही. दोन्ही टिकले. मुंबईचा पावसाळा मात्र दोन्ही देतो, म्हणून आपल्याकडे लाकडाची परीक्षा सर्वांत कडक.

यज्ञातही उंबराला स्वतंत्र जागा आहे. सोमयागात सदोमंडपात उंबराचा खांब रोवतात, राजाच्या अभिषेकासाठी ऐतरेय ब्राह्मणात उंबराच्या आसनाचा उल्लेख येतो. नृसिंहवाडीला, भिलवडीजवळच्या औदुंबरला कृष्णाकाठी लोक ज्या झाडाभोवती प्रदक्षिणा घालतात ते हेच. चारकोपमध्ये उंबर सोसायटीच्या भिंतीत, गटाराच्या कडेला, जुन्या पाण्याच्या टाकीच्या तड्यात उगवतो आणि कोणी त्याला हात लावत नाही. सुतार त्याचं लाकूड घेत नाही, आणि घेऊही नये. त्याचं काम त्याच्या फळांवर येणाऱ्या पक्ष्यांशी आहे. सगळी झाडं फळीच व्हायला हवीत असं माझं म्हणणं नाही.

पण जी झाडं पडतात त्यांचं काय? 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा वारा नोंदला गेला. शहरभर शेकडो झाडं कोसळली. चारकोप खाडीजवळचं, वारा अडवायला तिवरांखेरीज काही नाही. इथं पडणारी झाडं म्हणजे वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, बदाम, भेंडी, आंबा. पालिकेच्या गाड्या येतात, करवती चालतात, खोडाचे दीड-दोन फुटांचे गोल तुकडे होतात आणि गाडीत भरले जातात. रस्ता मोकळा होणं महत्त्वाचं आहे, त्या कामगारांचं काम मेहनतीचं आणि जोखमीचं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण दीड फुटाच्या तुकड्यातून पुढे टेबल होत नाही.

प्रत्येक झाडाचं बोलायचं तर गुलमोहर लाकूड म्हणून कमकुवत, तो सोडून द्यावा. वर्षावृक्ष मात्र सोडून देण्यासारखा नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाचा गाभा गडद तपकिरी, भोवती फिकट पिवळं लाकूड. वाळताना तो फारच कमी आकसतो, म्हणून हवाई बेटांवर ओल्या खोडातूनच मोठमोठे वाडगे कातून काढतात आणि ते वाळताना वेडेवाकडे होत नाहीत. घासताना त्याची धूळ नाकाला झोंबते, तोंडाला फडकं बांधावं. भेंडीचं लाकूड बारीक पोताचं आणि टिकाऊ; कोकणात गाड्या आणि होड्यांना वापरलेलं. आंबा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा: मध्यम वजन, रेषा वाकडी पण सुंदर, मात्र तोडल्याबरोबर कापून वाळवला नाही तर आठवड्याभरात करडे-निळे डाग, आणि पाठोपाठ भुंगा.

झाड पाडणं हा माझा विषय नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 पासून लागू आहे, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि ते योग्यच झालं. 2018 च्या गणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडं मोजली गेली. त्यातली काही दर पावसाळ्यात पडणारच. जे पडलं ते सन्मानानं वापरावं, एवढंच मागणं आहे. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळचा एकटा सिकमोर 28 सप्टेंबर 2023 च्या पहाटे दोघांनी कापून टाकला, तेव्हा देश हळहळला, खटला झाला, 2025 मध्ये त्यांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि त्या झाडाच्या बियांपासून आणि फांद्यांपासून केलेली 49 रोपं देशभर वाटली गेली. आपल्या रस्त्यावरच्या पडलेल्या झाडाला इतकं मिळणार नाही, पण लाकूड म्हणून दुसरं आयुष्य नक्की मिळू शकतं.

चारकोपच्या सोसायट्यांना म्हणून एक विनंती. तुमच्या आवारात पावसाळ्यात झाड पडलं तर आधी पालिकेच्या आर-दक्षिण विभागाच्या उद्यान खात्याला कळवा आणि लाकूड सोसायटीनं ठेवण्याबद्दल लेखी विचारणा करा. आंबा, फणस, जांभूळ यांसारख्या झाडांना 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदाही आहे, त्यामुळे परवानगीशिवाय लाकूड बाहेर नेऊ नका. परवानगी मिळाली तर खोड फुटाफुटानं न कापता सहा-सात फुटांचे ओंडके ठेवा. दोन्ही टोकांना त्याच दिवशी जाड ऑइल पेंट फासा, म्हणजे टोकाकडून पाणी लवकर जाऊन लाकूड तडकणार नाही. आठवड्याच्या आत सॉमिलवर फळ्या पाडून घ्या. बोरिक आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवा. मग छपराखाली, वारा खेळेल अशा जागी, मधे सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या ठेवून रचा आणि वर वजन ठेवा. ऊन नको, पाऊस नको. एक इंची फळीला निदान पुढची दिवाळी दाखवा. मग तुमच्या गल्लीतल्या सुताराला बोलवा आणि त्याला आधी विचारा की हे लाकूड कशाचं आहे, आणि त्याचं काय चांगलं होईल.